त्रिनिदादमधले पहिले शंभर दिवस : नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

मी कुडाळची. नवऱ्याला पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी एखाद-दुसरं मराठी कुटुंब इकडे येतं. कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, कुणी विद्यापीठात शिकवायला. निघण्याआधी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन करतात. प्रश्न दोनच असतात: तिकडे आपले लोक आहेत ना? आणि आपलं खाणं मिळतं ना?

दोन्हींचं उत्तर हो. पण नुसता हा होकार ऐकून जो येतो, तो पहिल्याच महिन्यात गोंधळतो. इथले ‘आपले लोक’ भारतीय वंशाचे असले तरी पाच-सहा पिढ्यांपासून त्रिनिदादचे आहेत आणि इथली रोटी म्हणजे आपली पोळी नव्हे. आधी हा देश समजून घ्यावा, नातं मग आपोआप सापडतं. खालचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १ : आधी नकाशा बघा

देशाचं पूर्ण नाव त्रिनिदाद आणि टोबॅगो. दोन्ही बेटं मिळून क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं. लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास. त्यातलं टोबॅगो अगदी छोटं, ३०० चौरस किलोमीटरचं, त्रिनिदादच्या ईशान्येला.

वेस्ट इंडीजची बेटं क्यूबापासून वळत वळत दक्षिणेला येतात आणि सगळ्यात शेवटी, दक्षिण अमेरिकेला खेटून त्रिनिदाद आहे. व्हेनेझुएलाचा किनारा जिथे सगळ्यात जवळ येतो तिथे मध्ये फक्त ११ किलोमीटर पाणी. एकेकाळी ही जमीन खंडाचाच भाग होती, त्यामुळे इथली जंगलं, पक्षी, माकडं इतर बेटांपेक्षा वेगळी आहेत. कॅरेबियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चक्रीवादळ येतं. त्रिनिदाद इतकं दक्षिणेला आहे की बहुतेक वादळं उत्तरेकडून निघून जातात. भूकंपाचं मात्र तसं नाही. २१ ऑगस्ट २०१८ रोजी ६.९ तीव्रतेचा धक्का बसला होता. जड कपाट भिंतीला खिळवून ठेवायची सवय मला त्या दिवशी लागली.

उत्तरेला डोंगररांग आहे, तिचं सर्वांत उंच शिखर ९४० मीटर. डोंगराच्या पायथ्याला पश्चिमेकडे राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. मध्ये कॅरोनीचं सपाट मैदान, जिथे पूर्वी नजर जाईल तिथवर ऊस होता. दक्षिणेला तेलाचा मुलूख आणि सान फर्नांडो शहर. एवढं लक्षात ठेवलंत तर कुठल्याही गप्पांत ‘नॉर्थ’, ‘सेंट्रल’ आणि ‘साउथ’ हे शब्द आले की कळेल. इथली माणसं पत्ता याच शब्दांत सांगतात, आणि माणसाचा स्वभावही.

ऋतू दोनच. जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळा. पाऊस कोकणासारखा दिवसेंदिवस लागून राहत नाही, तासाभरात कोसळतो आणि ऊन पडतं. पण तेवढ्या तासात मध्य भागातले सखल रस्ते पाण्याखाली जातात. आकाश मळकट, धुरकट दिसलं आणि घसा खवखवायला लागला तर प्रदूषणाला दोष देऊ नका. ती अटलांटिक ओलांडून आलेली सहारा वाळवंटाची धूळ असते. दमा असलेल्यांनी औषध जवळ ठेवावं.

पायरी २ : निघण्याआधीची कामं

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम म्हणजे पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीव्हर. त्रिनिदाद बेट या तापाच्या धोक्याच्या यादीत आहे, आणि इथून भारतात परतणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर विमानतळावरच विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. दाखला आयुष्यभर चालतो. ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

भारतातून थेट विमान नाही. लंडन, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, टोरंटो अशा कुठल्या तरी मार्गे यावं लागतं. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर नुसतं विमानतळावर थांबायलाही व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून काढू नका, आधी मार्ग तपासा. नोकरीसाठी येणाऱ्यांना तीस दिवसांहून जास्त काम करायचं असेल तर वर्क परमिट लागतं आणि त्यासाठी मालकाने अर्ज करायचा असतो. परमिट हातात पडल्याशिवाय घर मोडून निघू नका. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतल्या त्रिनिदादच्या हाय कमिशनकडे एकदा विचारून घ्या.

वीज इथे ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकन पद्धतीचा, चपट्या पिनांचा. मी येताना आईने दिलेला मिक्सर मोठ्या प्रेमाने कपड्यांत गुंडाळून आणला होता. तो इथे नुसता गुरगुरला, फिरला नाही. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण ते पैसे इथल्या ब्लेंडरला द्यावेत हे बरं. प्रेशर कुकर, पोळपाट, लोखंडी तवा खुशाल आणा. गोडा मसाला, आमसुलं, ज्वारीचं पीठ इथे शोधून सापडत नाही, तेही आणा. बी-बियाणं आणि रोपं मात्र आणू नका, तुळशीचंसुद्धा नको. तुळस इथे घरोघरी आहे, शेजारी मागितलीत तर आनंदाने देतील.

आणखी एक. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे इथे सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांच्या पँटी, टोप्या, दप्तरं तपासून बघा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून आणा, सुरुवातीच्या तीन महिन्यांत उपयोगी पडतो. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. घरी फोन करायच्या वेळा आजच ठरवून टाका: इथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसहा.

पायरी ३ : पैसा कुठून येतो ते समजून घ्या, मगच करारावर सही करा

ही पायरी मी मुद्दाम लांब लिहिते आहे, कारण पगाराचा आकडा बघून आनंदलेली माणसं हिच्याकडे लक्ष देत नाहीत.

कॅरेबियन म्हणजे पर्यटन, हे समीकरण त्रिनिदादला लागू नाही. हा देश आधी साखरेवर जगला, मग तेलावर आणि आता नैसर्गिक वायूवर. दक्षिणेला ला ब्रे इथे डांबराचं तलाव आहे, पिच लेक. सुमारे ४० हेक्टर पसरलेलं, जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक डांबराचा साठा. त्यावर चालता येतं. पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला, दुपारच्या उन्हात पायाखाली किंचित दबतो, मध्ये मध्ये पावसाच्या पाण्याची डबकी. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने याच डांबराने आपली गलबतं बुजवली होती. जमिनीखाली काय आहे याची ही उघडी खूण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाचा धंदा उभा राहिला. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव चढले तेव्हा सरकारच्या हाती पैसा आला आणि त्यातून कूव्हाजवळ पॉइंट लिसासची वसाहत वाढली. आज तिथे वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनतं. या दोन्हींच्या निर्यातीत हा एवढासा देश जगात पुढच्या रांगेत आहे. पॉइंट फोर्टिनला वायू गोठवून द्रवरूपात जहाजात भरतात, ते काम १९९९ मध्ये सुरू झालं.

साखर मात्र संपली. कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि हजारो माणसं एका फटक्यात घरी बसली. गिरण्या बंद पडल्यावर मुंबईतल्या गिरणगावाचं जे झालं, ते ज्यांनी बघितलं असेल त्यांना सेंट्रलमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे चेहरे लगेच समजतील. २०१८ मध्ये पॉइंट-आ-पिएरचा तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला, तेव्हा साउथमध्ये पुन्हा तेच. वायूचं उत्पादनही २०१० च्या सुमाराच्या शिखरावरून बरंच खाली आलं आहे. शेजारच्या व्हेनेझुएलाच्या समुद्रातल्या ड्रॅगन क्षेत्रातून वायू आणायची बोलणी वर्षानुवर्षं चालली आहेत, आणि ती अमेरिकेच्या निर्बंधांवर अनेकदा अडली.

तुमच्या खिशाशी याचा संबंध असा. चलन इथला डॉलर, टीटी. अधिकृत दर गेली काही वर्षं एका अमेरिकन डॉलरला पावणेसात टीटीच्या आसपास आहे. पण त्या दराने अमेरिकन डॉलर मिळणं सोपं नाही, कारण वायूची कमाई घटली आणि खाण्यापिण्यापासून गाड्यांपर्यंत आयात तशीच राहिली. बँका हात राखून देतात, क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा असते. म्हणजे पगार टीटीमध्ये मिळाला तर तो घरी पाठवायला रांग लावावी लागते. मुंबईत गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर करार करतानाच विचारा: पगाराचा काही भाग अमेरिकन डॉलरमध्ये मिळेल का? पैसे बाहेर पाठवायला कंपनी मदत करते का? हे सही करण्याआधी विचारायचं, आल्यावर विचारून उपयोग नाही.

आल्यावर पहिल्या आठवड्यात कर खात्याचा नंबर आणि राष्ट्रीय विम्याचा नंबर काढा. बँकेत खातं उघडायला दोन ओळखपत्रं, नोकरीचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याचा करार नसेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून घर आधी, बँक नंतर.

पायरी ४ : घर

नोकरी जिथे, घर तिथेच घ्या. बेट लहान दिसतं, पण रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली आणि सगळा देश एक-दोन महामार्गांवरून कामाला जातो. पोर्ट ऑफ स्पेनला नोकरी आणि सान फर्नांडोला घर असेल तर पहाटे पाचला निघावं लागतं. विद्यापीठात येणाऱ्यांनी सेंट ऑगस्टिन किंवा कुरेप बघावं. पॉइंट लिसासवाल्यांना कूव्हा आणि चगवानस सोयीचं. चगवानसला बाजार मोठा, कपडे आणि पूजेचं सामान मिळणारी दुकानं रांगेने.

घर बघताना खोल्या मोजण्याआधी पाण्याची टाकी बघा. काळ्या प्लॅस्टिकची टाकी आणि पंप दोन्ही असलेलंच घर घ्या. अनेक भागांत नळाला पाणी ठरावीक दिवशीच येतं, कोरड्या ऋतूत तर जास्तच खेच. खिडक्यांना जाळ्या हव्यातच, कारण डेंग्यू इथेही आहे. आणि भाडं ठरवताना रस्त्याला पाणी भरतं का, हे घरमालकाला न विचारता समोरच्या टपरीवाल्याला विचारा.

पायरी ५ : घराबाहेर पडताना

सार्वजनिक वाहतूक म्हणजे मॅक्सी टॅक्सी, पांढऱ्या मिनीबस. अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग ओळखायचा: लाल पट्टा पूर्वेकडे अरिमापर्यंत, हिरवा चगवानस-सान फर्नांडोकडे, पिवळा राजधानीच्या पश्चिमेला, निळा टोबॅगोत. शेअर टॅक्सीही असतात. त्यांची नंबर प्लेट एच अक्षराने सुरू होते. पी अक्षराची गाडी खासगी, ती भाडं मारत असली तरी बसू नका. नवीन माणसाने तर नाहीच.

आता यातली खरी गोष्ट सांगते. मॅक्सीत चढताना, दुकानात शिरताना, डॉक्टरकडे बाकावर बसताना आधी मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. ओळख असो वा नसो, सगळ्यांना. मुंबईच्या लोकलमध्ये आपण कुणाला नमस्कार करत नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे मी गप्प चढायची, आणि लोक माझ्याशी तुटक का वागतात ते कळायचं नाही. शेवटी एका बाईने प्रेमाने सांगितलं की बेटी, न बोलता आत येणं म्हणजे इथे उद्धटपणा. दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. अंधार पडल्यावर आलात तर ‘गुड नाइट’ म्हणायचं. ते इथे निरोपाचं नाही, भेटीचं अभिवादन आहे.

इंग्रजी सगळ्यांना येतं, पण बोलण्यातली इंग्रजी वेगळी, गाण्यासारखी लयीत चालणारी. ‘लायमिंग’ म्हणजे चार माणसं जमवून निवांत गप्पा मारणं, ते इथे महत्त्वाचं काम आहे. ‘जस्ट नाउ’ म्हणजे आत्ता नव्हे, केव्हा तरी. प्लंबर ‘जस्ट नाउ’ म्हणाला तर तुम्ही आंघोळ उरकून घ्या.

सुरक्षेबद्दल स्पष्टच लिहिते. टोळ्यांचं भांडण इथे गंभीर आहे. २०२४ साली सहाशेहून अधिक खून झाले आणि वर्षअखेरीला सरकारने आणीबाणी लावली. बहुतेक हिंसा ठरावीक वस्त्यांत आणि ठरावीक लोकांत होते, पण त्यावर विसंबू नका. रात्री एकट्याने चालू नका, सोनं घालून फिरू नका. मंगळसूत्र मी लग्नाकार्यातच घालते. निर्जन समुद्रकिनाऱ्यावर दोघंच जाऊ नका. पोलीस ९९९, अग्निशमन ९९०, रुग्णवाहिका ८११. हे नंबर आजच फोनमध्ये भरा.

पायरी ६ : खाणं

पहिल्या शनिवारी सकाळी लवकर उठा आणि डबल्स खायला जा. हातगाडीवर किंवा गाडीच्या डिकीत मोठा निळा-पांढरा कूलर असतो, त्यात कापडाखाली गरम बारा. बारा म्हणजे आपला वडाच, शब्द भोजपुरीतून आला, पण पदार्थ बदलून मैद्याची हळद घातलेली मऊ, पातळ पुरी झाला. विक्रेता वॅक्सच्या कागदावर दोन बारा एकमेकांवर थोडे चढवून टाकतो, वर पातळसर चण्याची उसळ, मग किसलेली काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे किसलेल्या आंब्याचं लोणचं. हे सगळं चार-पाच सेकंदांत. मग तो न बघताच विचारतो, ‘पेपर?’, म्हणजे तिखट हवं का. इथे थांबून उत्तर द्या: ‘स्लाइट.’ म्हणजे किंचित. दक्षिणेतल्या मोरुगा गावची स्कॉर्पियन मिरची २०१२ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरली होती, त्यामुळे कोल्हापूरचे असलात तरी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणा. कागद हातात घेऊन उभ्यानेच, बाऱ्याचा तुकडा मोडून त्यानेच चणे उचलत खायचं. बँकेचा मॅनेजर, शाळकरी पोर, गवंडी एकाच गाडीभोवती उभे असतात. पैसे शेवटी द्यायचे, किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं.

दालपुरी म्हणजे भरडलेल्या वाटाण्याच्या डाळीचं जिरं-लसूण घातलेलं सारण भरलेली मोठी रोटी. तिखटमिठाची पुरणपोळी म्हणा. ‘बस अप शट’ हा परोठा तव्यावरच लाकडी उलथण्यांनी झोडून चिंध्या करतात, नावाचा अर्थच फाटका शर्ट. रोज सकाळी घरोघरी सादा रोटी आणि बैंगन चोखा, म्हणजे वांग्याचं भरीत. कॅलालू पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी ताट खाली ठेवलं. अळूची पानं, नारळाचं दूध, भेंडी. आमच्या फदफद्याची चुलत बहीण. आफ्रिकन घरांत ते रविवारच्या जेवणाला असतंच. आणि अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली सहीना खाल्लीत तर अळूवडी आठवल्याशिवाय राहणार नाही. सहीना, फुलौरी, कचोरी खायला साउथमध्ये डेबेच्या रस्त्यावर जा, ओळीने गाड्या लागलेल्या असतात.

बाजारात शब्द ऐकत राहा. बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ओक्रो भेंडी, कराइली कारलं, सेम वालपापडी, गीरा जिरं. कोथिंबिरीच्या जागी शॅडो बेनी नावाचं लांब, करवती पान वापरतात. वास उग्र, पण चटणी अप्रतिम होते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. हिंदू घरांत उपासाचे दिवस पाळतात, दुकानदाराला ‘मी फास्टिंग’ म्हटलं की तो मांसाचा पळा बाजूला ठेवून दुसरा घेतो.

चॉकलेट आवडत असेल तर हेही लक्षात ठेवा. कोकोची त्रिनितारियो ही जात याच बेटावर जन्मली, आणि सेंट ऑगस्टिनच्या विद्यापीठाकडे कोकोच्या वाणांचा जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे.

पायरी ७ : माणसं

गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, १८३८ मध्ये खऱ्या अर्थाने संपली. मुक्त झालेल्या आफ्रिकनांनी मळेवाल्यांच्या अटींवर राबायला नकार दिला, तेव्हा मळेवाल्यांनी भारतातून मजूर आणले. फतेल रझाक हे जहाज ३० मे १८४५ रोजी सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्ता बंदरातून, काही मद्रासहून. मराठी मुलखाचा त्यात वाटा जवळजवळ नाही, म्हणून ‘आपले’ म्हणताना थोडं थांबावं. पाच वर्षांचा करार, उसाचं शेत, बराकीतली खोली आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर पडलं तर तुरुंग. कष्ट त्यांनी उपसले, आणि एकाच जहाजातून आलेल्यांनी जात सोडून ‘जहाजी भाई’ हे नातं जोडलं.

म्हणून तीन गोष्टी पाळा. पहिली: ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारू नका. मी शेजारच्या आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘पेनाल.’ पेनाल हे इथून तासाभरावरचं गाव. तिचं खरंच होतं. बराकपोर, फैजाबाद, गोलकोंडा ही गावंही इथेच आहेत, तिकडची नावं इकडच्या मातीला दिलेली. दुसरी: ‘कुली’ हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नका, विमानतळावर सामान उचलणाऱ्यासाठीसुद्धा नाही. इथे ती शिवी आहे, आणि चार पिढ्यांनी ती अंगावर झेलली आहे. तिसरी: हिंदी येत नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका. भाषा बोलण्यातून गेली, पण रामायण, भजनं, लग्नातली गाणी रोमन अक्षरांत लिहून लिहून त्यांनी टिकवली. दारात बांबूवर रंगीत झेंड्या दिसतील, प्रत्येक पूजेनंतर एक नवी. उत्तर भारतात आता न ऐकू येणारे भोजपुरी शब्द इथल्या स्वयंपाकघरात जिवंत आहेत. शेजारची आजी डाळ ‘चुंके’ करते, म्हणजे फोडणी देते: पळीत तेल, लसूण काळसर होईपर्यंत, जिरं, आणि तो पळा तसाच डाळीत बुडवून वर झटकन झाकण. आणि हो, वडिलांच्या आईला इथे ‘आजी’च म्हणतात, वडिलांच्या वडिलांना ‘आजा’. नातवंडांनी तिला तशी हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुंपणापाशी नुसती उभी राहिले.

पण देश फक्त भारतीयांचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकन वंशाचे ३४.२ टक्के, मिश्र वंशाचे २२.८ टक्के होते. शिवाय चिनी, सीरियन-लेबनीज, पोर्तुगीज, अरिमाला मूळ रहिवाशांचे वंशज, आणि अलीकडे व्हेनेझुएलाहून आलेले. भारतातून आलेली माणसं सहज एका बाजूला झुकतात, आणि आफ्रिकन शेजाऱ्यांबद्दल कानावर पडलेलं खरं मानून बसतात. हे टाळा. राजकारणाचे दोन मोठे पक्ष बऱ्याच अंशी या दोन समाजांवर उभे आहेत, त्या वादात पाहुण्याने पडू नये. कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आल्या. त्यांचं कौतुक करायला हरकत नाही, पण समोरच्याचं मत काय हे कळल्यावर.

एकत्र राहणं कसं असतं ते सिपारियाच्या चर्चमध्ये दिसतं. तिथली सावळी मेरीची मूर्ती हिंदू ‘सिपारी माई’ म्हणून पूजतात, गुड फ्रायडेच्या सुमाराला तांदूळ, तेल, फुलं घेऊन रांग लावतात. आपल्या वांद्र्याच्या मोतमाऊलीला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

मराठी माणसाला इथे एक नाव हमखास उपयोगी पडतं, गावसकर. ६ मार्च १९७१ रोजी क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळायला उतरले. कर्णधार अजित वाडेकर. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या, गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७, आणि भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. त्याच मैदानावर मालिकेच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी १२४ आणि २२० केल्या. मालिकेत ७७४ धावा. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे इथल्या धाटणीचं गाणं, रचला. साठी ओलांडलेल्या कुणाही टॅक्सीवाल्यापाशी हा विषय काढा, तो भारताने १९७६ मध्ये याच मैदानावर केलेल्या ४०३ धावांच्या पाठलागापर्यंत घेऊन जाईल. तरुणांशी बोलायचं तर मुंबई इंडियन्सचा पोलार्ड. तोही इथलाच.

पायरी ८ : वर्षाचं गणित

कार्निव्हल राखेच्या बुधवारच्या (ख्रिश्चनांचा ॲश वेन्सडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो) आधीचे सोमवार-मंगळवार. कागदावर ती सुट्टी नाही, पण देश बंद असतो. आधीचे दोन महिने कामं ढिली पडतात, हे धरूनच नियोजन करा. गर्दीत नाचायचं नसेल तर पॅनोरमा ही वादनाची स्पर्धा ऐकायला जा: शंभर माणसं स्टीलपॅन वाजवतात, तेलाच्या टाकाऊ पिंपांतून जन्मलेलं वाद्य. ३० मे भारतीय आगमन दिन, १ ऑगस्ट मुक्तिदिन, ३१ ऑगस्ट स्वातंत्र्यदिन (१९६२). दिवाळी सार्वजनिक सुट्टी आहे. फेलिसिटी गावात बांबू वाकवून त्यावर हजारो पणत्या लावतात, सगळ्या धर्मांची माणसं बघायला येतात. इथे दिवाळीला मांस-मद्य शेजारीही टाळतात. नाताळात काळा केक, आणि परांग ही स्पॅनिश नाताळगाणी गाणारे दारोदार फिरतात.

मे-जूनच्या आत टोबॅगोला एकदा जाऊन या. विमानाने पंचवीस मिनिटं, बोटीने साधारण चार तास. तिथली माणसं बहुतांश आफ्रिकन वंशाची, गती संथ, समुद्र निळा. मधल्या डोंगरावरचं जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे, पाऊस टिकावा म्हणून.

आणि शंभराव्या दिवसाच्या आसपास, शक्यतो रविवारी सकाळी, वॉटरलूला जा. वाटेत कारापिचैमाला दत्तात्रेयाचं मंदिर लागतं, बाहेर ८५ फुटी मारुती. दत्ताच्या पायाशी नारळ ठेवून पुढे समुद्राकडे निघा. सिवदास साधू नावाच्या एका उसाच्या मजुराने १९४७ मध्ये तिथे मळ्याच्या जमिनीवर देऊळ बांधलं. साखर कंपनीने ते पाडायला लावलं, त्यांना दंड झाला, तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते म्हणाले की जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही. सायकलवरून दगड, सिमेंट, वाळू वाहून ओहोटीच्या चिखलात त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं, पंचवीस वर्षं. आजचं देऊळ १९९५ चं आहे आणि तिथवर चालत जायला बांध आहे. चपला बांधाच्या टोकाशी काढा. ओहोटी असेल तर चिखलात पांढरे बगळे असतात आणि डावी-उजवीकडे झेंड्या फडफडत असतात. पुजारी आलेल्या प्रत्येकाला प्रसाद देतात, आणि आत शिरताना तिथेही आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग सीताराम.